तोंडी हुकुमाचा कारकून

गेल्या महिन्यांत या सदरांत घरच्या जुन्या हिशेबवह्या कां जपून ठेवाव्या याविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. वह्यांचा विषय निघाला म्हणजे कारकुनाचा विषय ओघानेंच येतो. आजकाल एक नवा कारकून निघाला आहे. त्यास दौत-लेखणी लागत नाहीं. तो बोललेलें ऐकतो, ऐकलेलें लिहितो, आणि लिहिलेलें बजावूनही टाकतो. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मुलगा, सून, पुतण्या किंवा भाची या कारकुनाशीं रोज बोलत असतात. म्हणून तो कोण, त्यास काय येतें, आणि त्याच्यावर कितपत विसंबावें, याचा विचार या महिन्यांत करूं.

पूर्वीं "मुलगा काय करतो?" असें कोणीं विचारलें, तर "कचेरींत आहे", "शाळेंत गणित शिकवितो", "वकिली करतो" असें एका वाक्यांत सांगतां येई, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कचेरी, फळा किंवा काळा डगला उभा राही. आज उत्तर येतें, "प्रोजेक्ट सांभाळतो." ऐकणारा मान डोलावतो आणि गप्प बसतो. सकाळीं हिंजवडीच्या बाजूस जाणाऱ्या बसगाड्या भरून जातात. रात्रीं जेवणें झाल्यावर आंतल्या खोलीचें दार लागतें व अमेरिकेंतील ग्राहकाशीं बोलणें सुरू होतें. पण हें सांभाळणें म्हणजे नक्की काय, तें घरांतील वडील माणसांस कोणी समजावून सांगत नाहीं.

संगणकानें काय करावें हें पायरी-पायरीनें सांगणाऱ्या आज्ञांचा जो संच, त्यास सॉफ्टवेअर म्हणतात. बँकेंतून पैसे पाठविणें, आगगाडीचें तिकीट काढणें, इस्पितळांत रोग्याची नोंद ठेवणें, हीं सर्व कामें आज अशा आज्ञासंचांवर चालतात. एखादा मोठा संच रचावयाचा म्हणजे अनेक माणसें महिनोन् महिने खपत असतात, आणि त्यांच्या खपण्याचा मेळ घालणें हें एक स्वतंत्रच काम होऊन बसतें.

घरांत मुंज निघाली म्हणजे काय होतें तें आठवावें. मुहूर्त ठरला; पण कार्यालय मिळाल्यावांचून पत्रिका छापतां येत नाहींत, पानें किती होणार हें कळल्यावांचून आचाऱ्यास सांगतां येत नाहीं, आणि आचाऱ्यानें यादी दिल्यावांचून वाण्याकडे जातां येत नाहीं. एक काम दुसऱ्या कामावर अडून बसलेलें असतें. अशा वेळीं घरांत एखादी काकू असते कीं, कोणतें काम कोणाकडे आहे, कोठें खोळंबलें आहे, कोणास आठवण द्यावयाची आहे, हें सर्व तिच्या तोंडीं असतें. तिच्यावांचून कार्य पार पडत नाहीं. आणि पार पडल्यावर तिनें नक्की काय केलें हें मात्र कोणास सांगतां येत नाहीं. सॉफ्टवेअरच्या कामांतील व्यवस्थापक म्हणजे हीच काकू असें समजावें.

भेद एवढाच कीं, मुंज कशी लावावी हें पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आज्ञासंच मात्र दर खेपेस नवा असतो आणि त्यास किती दिवस लागतील हें करणाऱ्यासही पुरतें ठाऊक नसतें. १९६८ सालीं त्या वेळच्या पश्चिम जर्मनींत गार्मिश येथें नाटो संघटनेच्या विद्यमानें एक परिषद भरली होती. हीं कामें ठरल्या वेळीं व ठरल्या खर्चांत कां होत नाहींत, याचा तेथें ऊहापोह झाला. आय. बी. एम. कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं आपला अनुभव ग्रंथरूपानें मांडला. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें काम आणखी लांबतें, असा त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. त्याचें एक कारण साध्या गणितानें समजतें. ५ माणसांत परस्परांशीं बोलण्याच्या जोड्या १० होतात. माणसें दुप्पट करून १० केलीं कीं जोड्या दुप्पट न होतां ४५ होतात. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें गणित निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढें २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या यूटा प्रांतांत स्नोबर्ड येथें या धंद्यांतील १७ जाणकार जमले व त्यांनीं एक छोटा जाहीरनामा काढला. कागदपत्रांच्या ढिगापेक्षां चालतें सॉफ्टवेअर आणि पद्धतीच्या बडेजावापेक्षां माणसांमाणसांतील व्यवहार अधिक मोलाचा, असें त्याचें सार सांगतां येईल. याच विचाराशीं जुळणारी 'स्क्रम' नांवाची पद्धति सर्वत्र रूढ झाली. तिच्यांत रोज १५ मिनिटांची छोटी सभा असते. ती पुष्कळ ठिकाणीं उभ्या-उभ्याच होते. काल काय झालें, आज काय करावयाचें, आणि कोठें अडलें आहे, एवढेंच तींत बोलावयाचें.

परंतु कागद एका दारानें गेला आणि दुसऱ्या दारानें परत आला. प्रत्येक लहानसहान कामाची एक चिठ्ठी करावयाची. तिला 'तिकीट' म्हणतात. तिकिटावर क्रमांक, काम करणाराचें नांव, मुदत आणि सद्यःस्थिति लिहावयाची. हीं तिकिटें ठेवण्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील अटलासियन कंपनीनें २००२ सालीं 'जिरा' नांवाचें सॉफ्टवेअर काढलें. तें आज जगभर वापरांत आहे. रोजची सभा, सभेचें टिपण, टिपणावरून तिकिटें, तिकिटांवरून साप्ताहिक अहवाल, अहवालावरून वरिष्ठांस पत्र, असा हा रहाट फिरत राहतो. बुद्धीचें काम करण्यासाठीं शिकलेला मनुष्य दिवसाचा मोठा भाग नकलनविसासारखा घालवूं लागला. नव्या कारकुनाची गरज निर्माण झाली ती येथें.

यंत्रास ऐकूं यावें यासाठीं खटपट मात्र फार जुनी आहे. १९५२ सालीं अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत 'ऑड्री' नांवाचें यंत्र तयार झालें. त्यास शून्यापासून नऊपर्यंतचे आंकडे ओळखतां येत, आणि तेही ज्याच्या आवाजाशीं त्याची ओळख करून दिली असेल त्याचेच. १९६२ सालीं सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनांत आय. बी. एम. नें मांडलेल्या 'शूबॉक्स' यंत्राची मजल १६ शब्दांपर्यंत गेली होती. १९७६ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील 'हार्पी' या योजनेनें १०११ शब्दांचा पल्ला गांठला. या शास्त्रांत तेथें मोलाची कामगिरी करणारे राज रेड्डी हे आपल्या आंध्र प्रदेशाच्या चित्तूर जिल्ह्यांत जन्मलेले. १९९४ सालीं संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मानलें जाणारें ट्युरिंग पारितोषिक त्यांना विभागून मिळालें, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. २०११ सालीं अ‍ॅपलच्या फोनांत 'सिरी' आली, २०१४ सालीं अमेझॉनची 'अलेक्सा' आली. २०२२ च्या सप्टेंबरांत ओपनएआय या संस्थेनें 'व्हिस्पर' नांवाची श्रवणव्यवस्था प्रसिद्ध केली. तिला ६,८०,००० तासांचें ध्वनिमुद्रण ऐकवून शिकविलें होतें. अहोरात्र ऐकत बसलें तरी एवढें ऐकण्यास माणसास सत्त्याहत्तर वर्षें लागतील! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याच संस्थेचें 'चॅटजीपीटी' आलें, आणि यंत्राशीं साध्या भाषेंत संभाषण करणें ही घरोघरची गोष्ट झाली.

या कारकुनाच्या कामाचे चार भाग पडतात. पहिला कान: ठराविक हांक ऐकली म्हणजे तो सावध होतो व पुढें बोललेल्याचें अक्षरांत रूपांतर करतो. दुसरी बुद्धि: त्या अक्षरांवरून काय करावयाचें आहे याचा अंदाज बांधतो. तिसरा हात: तिकिटांची पेटी, दिनदर्शिका, टपाल यांपैकीं योग्य तें साधन उघडून काम करतो. हीं साधनें यंत्राच्या हातीं एकाच ठरीव रीतीनें देतां यावीं म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक या कंपनीनें एक सामाईक संकेत प्रसिद्ध केला व तो पुढें इतरांनींही उचलला. चौथें तोंड: काय केलें तें बोलून सांगतो. पूर्वींच्या यंत्रांस फक्त कान होता. नव्यांस हात फुटले आहेत, आणि विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती हीच.

याचा उपयोग किती होतो हें आम्ही घरींच पाहतों. आमची सूनबाई एका कंपनींत बारा-तेरा जणांच्या गटाची प्रमुख आहे. सकाळीं डबे भरतां भरतां ती यंत्रास विचारते कीं, कालपासून कोणतीं कामें अडलीं आहेत. आणि पोळी तव्यावर असतांनाच तिला उत्तर मिळतें. अमुक क्रमांकाचें तिकीट अमक्याच्या नांवें करावें, उद्यांच्या सभेची वेळ अर्ध्या तासानें पुढें ढकलावी, ग्राहकाकडून आलेल्या पत्रांतील तक्रारींची यादी करावी, अशीं कामें तें विनातक्रार करतें. पूर्वीं याच कामांसाठीं ती रात्रीं उशिरापर्यंत जागत असे. आतां तो वेळ नातवाच्या अभ्यासास मिळतो. ज्यांचीं बोटें संधिवातानें आंखडलीं आहेत किंवा दृष्टि मंद झाली आहे अशा माणसांस तर बोलून काम करतां येणें हें वरदानच होय. यंत्राचे दोष सांगण्यापूर्वीं हा गुण मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे.

आतां दोष. त्यांतील पहिला उच्चाराचा. वेदाध्ययन करणाऱ्यांस इंद्रशत्रूची कथा परिचित असतेच; इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. त्वष्ट्यानें इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. 'इंद्रशत्रु' हा शब्द तत्पुरुष समास धरून उच्चारला तर 'इंद्राचा शत्रु, त्याला मारणारा' असा अर्थ होतो. बहुव्रीहि धरून उच्चारला तर 'इंद्र ज्याचा शत्रु, म्हणजे ज्याला मारणारा इंद्र' असा नेमका उलट. अक्षरें तींच, भेद काय तो स्वराचा. उच्चार करतांना स्वर चुकला, आणि जन्मास आलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. शिक्षाग्रंथांत आणि पतंजलीच्या महाभाष्यांतही हा दृष्टांत येतो. विद्यार्थिदशेंत आम्हांस तो कठोर वाटे. एका स्वरासाठीं एवढी शिक्षा कशाला, असें मनांत येई. गेल्या वर्षीं सूनबाईच्या गटांत जें घडलें त्यावरून तो दृष्टांत अगदीं व्यवहारांतला आहे अशी आमची खात्री झाली.

तिच्या हाताखालीं सोलापुराकडचा एक तरुण आहे. घरची स्थिति बेताची, पहिलीच नोकरी, मनुष्य अबोल आणि कष्टाळू. अमेरिकन ग्राहकांस आपलें बोलणें कळावें म्हणून त्यानें मेहनतीनें त्यांचे उच्चार उचलले होते. आपल्याकडील इंग्रजींत 'शकतों' याला 'कॅन' आणि 'शकत नाहीं' याला 'कांट' म्हणतात. दोहोंत स्वराचाच भेद असल्यानें घोटाळा होत नाहीं. अमेरिकन उच्चारांत मात्र दोन्हींकडे 'कॅ'च असतो, आणि नकाराचा शेवटचा 'ट' पुष्कळदां गिळला जातो. सभेंत या मुलानें सांगितलें कीं, हें काम शुक्रवारपर्यंत होऊं शकत नाहीं. यंत्रानें ऐकलें, होऊं शकतें. त्यानें तत्काळ तिकीट केलें, त्यावर मुलाचें नांव घातलें, शुक्रवारची मुदत घातली, आणि सभेचा सारांश वरिष्ठांस रवाना केला. या सगळ्यास एक मिनिटही लागलें नसेल.

शुक्रवार उलटला. सोमवारीं वरिष्ठांचें विचारणापत्र आलें कीं, स्वतः कबूल केलेली मुदत कां पाळली नाहीं. त्या मुलानें सारांश वाचला होता; पण छापील अक्षरांत 'शकतें' असें पाहून, आपणच घाबरून तसें बोललों असूं, असें त्यास वाटलें! त्यानें कोणास कांहीं न सांगतां दोन रात्री जागून काम रेटण्याचा प्रयत्न केला. वर्षअखेरचे शेरे लिहिण्याचे ते दिवस होते. पहिल्याच वर्षीं 'शब्द पाळीत नाहीं' असा शेरा पडला असता तर पुढील बढती तर राहोच, नोकरीचाही भरंवसा नव्हता. सुदैवानें सभेचें ध्वनिमुद्रण शिल्लक होतें. सूनबाईला त्या मुलाचा स्वभाव ठाऊक असल्यामुळें संशय आला. तिनें तें दोनदां ऐकलें, मागचीं-पुढचीं वाक्यें ताडून पाहिलीं, आणि वरिष्ठांस तें ऐकवून पत्र मागें घ्यावयास लावलें.

त्या रात्रीं ती आम्हांस म्हणाली, "मामंजी, यंत्र चुकलें याचें मला एवढें वाटलें नाहीं. माणूसही चुकीचें ऐकतो. पण सारांश अकरा जणांना गेला, आणि हा मुलगा असें बोललाच नव्हता हें एकाच्याही ध्यानांत आलें नाहीं, याचें फार वाटलें."

आम्हीं म्हटलें, "मुली, तुमच्या त्या सारांशाला तुम्ही आप्तवाक्य मानलें, दुसरें काय?"

न्यायशास्त्रांत शब्द हें एक प्रमाण मानलें आहे, परंतु तो शब्द आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा, ज्यास खरें काय तें ठाऊक आहे व जो तसेंच सांगतो. यंत्र कपटी नसतें हें खरें. पण त्यास खऱ्याखोट्याची जाणीवही नसते. ऐकलेल्या ध्वनींवरून कोणतीं अक्षरें अधिक संभवनीय आहेत एवढाच तें हिशेब करतें. तो हिशेब बहुधा बरोबर येतो, आणि बहुधा बरोबर येतो म्हणूनच माणूस डोळे मिटून विश्वास ठेवूं लागतो. जो कारकून दहांतून चार वेळां चुकतो त्याचें लिहिणें आपण तपासतों; शंभरांतून एकदां चुकणाऱ्याचें तपासत नाहीं. त्या एका चुकीखालीं कोण सांपडेल हें कोणास ठाऊक असतें?

दुसरा दोष अर्थाचा. 'सैंधव आण' हें जुनें उदाहरण शास्त्री मंडळी नेहमीं देतात. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधुदेशचा घोडाही. धनी जेवावयास बसला असतां घोडा आणणारा सेवक, आणि प्रवासास निघाला असतां मीठ आणणारा सेवक, दोघेही शब्दाला धरून वागले. पण प्रसंग त्यांस कळला नाहीं. वाक्याचा बोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधि लागतात असें शास्त्रकार सांगतात: एका पदास दुसऱ्याची अपेक्षा हवी, दोहोंचे अर्थ एकमेकांशीं जुळले पाहिजेत, आणि पदें एकमेकांजवळ उच्चारलेलीं हवींत. सॉफ्टवेअरच्या कचेरींत कोणी "तें जुनें बंद करा" असें म्हटलें, तर 'तें' म्हणजे कोणतें? तिकीट बंद करावयाचें, कीं ज्या यंत्रावर ग्राहकांचे व्यवहार चालू आहेत तें बंद करावयाचें? समोर बसलेला सहकारी बोलणाऱ्याच्या दृष्टीचा रोख पाहून समजतो. न समजल्यास विचारतो. यंत्रास रोख दिसत नाहीं, आणि विचारण्याची शिस्त त्यास मुद्दाम लावावी लागते.

तिसरा दोष अधिकाराचा. २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं दूरचित्रवाणीवर, एका लहान मुलीनें अलेक्साकडून बाहुलीचें घर मागविल्याची गमतीची बातमी सांगण्यांत आली. निवेदकाच्या तोंडचें वाक्य ऐकून कांहीं प्रेक्षकांच्या घरचीं यंत्रेंही बाहुलीचें घर मागवावयास निघालीं, अशा तक्रारी आल्या. हुकूम कोणाचा आणि बजावणारें कोण! २०१८ सालीं पोर्टलंड शहरांतील एका दांपत्याचें खाजगी संभाषण त्यांच्या घरच्या यंत्रानें मुद्रित करून ओळखीच्या एका गृहस्थास परस्पर पाठविलें. यंत्रानें बोलण्यांतला एक शब्द हांक म्हणून, दुसरा निरोप पाठविण्याची आज्ञा म्हणून, आणि तिसरा संमति म्हणून ऐकला, असा खुलासा कंपनीनें केला. २०२५ च्या जुलैंत रेप्लिट या कंपनीच्या, आज्ञासंच आपण होऊन लिहिणाऱ्या यंत्रसाहाय्यकानें, कोणताही बदल करूं नये असें बजावलेलें असतांही एका ग्राहकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर दिलगिरी व्यक्त केली व सरावाचा साठा खऱ्या साठ्यापासून वेगळा राखण्याची तजवीज केली. या तिसऱ्या प्रसंगीं हुकूम लेखी होते. लेखी हुकुमाची ही गत, तर तोंडी हुकुमाची काय कथा?

एकत्र कुटुंबांत याला आणखी एक पदर आहे. घरांतून कचेरीचें काम करणाऱ्या मुलाच्या खोलींत यंत्र ऐकत असतें, आणि शेजारच्या माजघरांत कोणाचें औषध, कोणाचें स्थळ, कोणाचा वांटा, असे विषय चाललेले असतात. घरची गोष्ट घरांत राहावी ही आपली जुनी रीत. आपल्या देशांत २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला हें चांगलें झालें. परंतु कायदा दाराबाहेरचा पहारेकरी आहे, दार लावणें हें घरच्यांचेंच काम. कचेरीचें यंत्र काम संपतांच बंद करावें, व तें चालू असतांना घरच्यांस तसें सांगावें, एवढी मर्यादा मुलांनीं पाळावी आणि वडिलांनीं ती मागण्यास संकोचूं नये.

या कारकुनानें माणसांच्या नोकऱ्या जातील काय, असेंही पुष्कळ पालक विचारतात. ज्याचें काम केवळ टिपणें उतरून काढणें व आठवणीचीं पत्रें धाडणें एवढेंच होतें, त्याची जागा डळमळीत झाली आहे हें लपवून उपयोग नाहीं. पण मुंजींतली काकू यादीमुळें मोठी नसते. आचारी दोन दिवस गप्प गप्प कां आहे, हें तिला स्वयंपाकघरांत पाऊल टाकतांच कळतें. कोणावर ओझें फार झालें आहे, कोणास चार गोड शब्द हवे आहेत, हें ती ओळखते. तिकीट अडल्याचें यंत्र सांगेल; तें कां अडलें, आणि ज्याच्याकडे अडलें त्याच्या घरीं कोणी आजारी आहे काय, हें विचारण्यास माणूसच लागतो. आमच्या मुलांनीं यादीचें काम यंत्राकडे खुशाल सोंपवावें आणि त्यामुळें सुटलेला वेळ या विचारपुशीकडे लावावा. ज्यानें तो वेळ आणखी चार याद्या करण्यांत घालविला, त्याची जागा खरोखरच यंत्रानें घ्यावी.

यावरून व्यवहाराचे कांहीं नियम निघतात. सूनबाईनें व आम्हीं मिळून ते एका संध्याकाळीं काढले. पहिला: यंत्रास वाचण्याची मोकळीक असावी, बदलण्याची परवानगी मोजूनमापून द्यावी, आणि पुसण्याची मुळींच देऊं नये. दुसरा: बदल करण्यापूर्वीं यंत्रानें आज्ञा परत म्हणून दाखवावी व होकार घ्यावा. विमान चालविणारा वैमानिक नियंत्रकाची सूचना परत उच्चारून दाखवितो ती याचसाठीं. आणि संथा देणारे गुरुजीही शिष्याकडून म्हणवून घेतल्यावांचून पुढें जात नसत. तिसरा: आज्ञा देतांना सर्वनाम टाळून नाम वापरावें, 'तें', 'त्याला' असें न म्हणतां तिकिटाचा क्रमांक व माणसाचें नांव उच्चारावें. चौथा: कोणीं हुकूम दिला, यंत्रानें काय ऐकलें आणि काय केलें, याची नोंद राहावी. तोंडी हुकुमाला लेखी पुरावा हवा हें आपले पूर्वज जाणत होते; पुण्याच्या पेशवे दप्तरांतील असंख्य मोडी कागद त्याची साक्ष देत आहेत. पांचवा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा: ज्या लिहिण्यानें एखाद्या माणसाच्या नांवास बरेंवाईट लागेल तें त्या माणसास दाखविल्यावांचून पुढें जाऊं देऊं नये, व त्याखालीं माणसाचीच सही असावी.

हा पांचवा नियम सूनबाईच्या गटांत आतां पाळला जातो. सभेचा सारांश प्रथम बोलणाऱ्यांकडे जातो, त्यांनीं 'ठीक' म्हटल्यावर वर जातो. यांत सुमारें दहा मिनिटें मोडतात. वरिष्ठांपैकीं एकानें, हीं दहा मिनिटें वाया जातात, असा आक्षेप घेतला तेव्हां तिनें सोलापूरच्या त्या मुलाचें ध्वनिमुद्रण त्यांना पुन्हां ऐकविलें. आक्षेप मागें पडला. त्या मुलानेंही एक सुधारणा केली आहे. नकार द्यावयाचा असेल तेव्हां तो आतां अमेरिकन उच्चार बाजूस ठेवतो आणि आपला सोलापुरी 'कांट' स्वच्छ, पुऱ्या टकारासह उच्चारतो. यंत्रास तो बरोबर ऐकूं येतो, ग्राहकासही येतो.

असो. वर्ण, स्वर, मात्रा आणि बळ सांभाळून बोलावें हें शिक्षाशास्त्र मुलांना निरुपयोगी वाटत होतें. आतां यंत्राशीं बोलतांना तरी त्यांना त्याची किंमत कळेल, आणि यंत्राशीं स्पष्ट बोलण्याची लागलेली संवय माणसांशीं बोलतांनाही टिकली, तर आमच्यासारख्या जुन्या मास्तरांस त्यांत समाधानच आहे. ज्यांच्या घरीं असा कारकून आला असेल त्यांनीं वरील पांच नियम एका कागदावर उतरून खोलींत लावावेत. पुढील महिन्यांत, पाठांतराची पद्धति आजच्या मुलांस कितपत उपयोगी आहे, या विषयाकडे वळूं.